प्रवाळ मत्स्यालयातील नायट्रेट व फॉस्फेट नियंत्रण

खाऱ्या पाण्याच्या ज्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवले जातात, तिच्या पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेत राखण्याची पद्धत. दोन्ही पोषकद्रव्ये मुख्यतः माशांच्या खाद्यातून येतात. ती साचत गेली की काचेवर रोज हिरवा थर धरतो, खडकांवर केसाळ शैवाल माजते आणि प्रवाळांचे निळे-जांभळे रंग तपकिरीकडे झुकतात. त्यामुळे बराच काळ ‘शून्य’ हेच हौशी मत्स्यालय-पालकांचे ध्येय होते. शून्यावर नेलेल्या टाक्यांत प्रवाळ फिकटून मरू लागले, तेव्हा हे ध्येय मागे पडले.

उथळ, उष्णकटिबंधीय प्रवाळभित्तीवरचे पाणी पोषकद्रव्यांच्या बाबतीत जवळजवळ रिते असते. फॉस्फेट लिटरमागे एक-दोन शतांश मिलिग्रॅम, नायट्रेटही बहुधा एक मिलिग्रॅमच्या लहानशा अंशाएवढेच. मग टाकीत त्याहून जास्त का ठेवायचे? समुद्रात प्रवाळांवरून अखंड वाहणारे पाणी सोबत प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, आणते. विरघळलेले अन्न कमी असले, तरी भक्ष्य सतत समोरून जात असते. टाकीत ती सोय नाही. म्हणून नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिग्रॅ./लि. ही मर्यादा आज रूढ आहे. ती अनुभवातून आलेली आहे, कुठल्या नियमातून नव्हे. याहून दुप्पट-तिप्पट आकड्यांवरही सुंदर टाक्या चालतात, फक्त ते आकडे स्थिर असावे लागतात.

प्रवाळाच्या ऊतींत झूझँथेली हे एकपेशीय शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून यजमानाला अन्न पुरवते. नायट्रेट मुबलक झाले की या शैवालाची संख्या वाढते. तपकिरी छटा त्याचीच. फॉस्फेट जास्त झाले तर कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांच्या वाढीत अडथळा येतो आणि प्रवाळाच्या सांगाड्याची वाढ मंदावते. दोहोंतले एकच संपले तरी धोका असतो. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट नाहीसे अशा स्थितीत झूझँथेलीची उपासमार होते व प्रकाश-उष्णतेच्या ताणाखाली प्रवाळ लवकर विरंजित होतात, म्हणजे पांढरे पडतात, हे साउथॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. दोन्ही शून्यावर गेली की डायनोफ्लॅजेलेट हे उपद्रवी एकपेशीय जीव डोके वर काढतात. बुडबुडे अडकलेली त्यांची चिकट तपकिरी साय खडकांवर पसरते आणि घालवणे साध्या शैवालापेक्षा कितीतरी जिकिरीचे ठरते.

आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ मध्ये समुद्रातील प्लवक व पाणी यांतील नायट्रोजन-फॉस्फरसच्या गुणोत्तराकडे लक्ष वेधले. ते पुढे १६ अणूंस १ असे रूढ झाले. नायट्रेट व फॉस्फेटच्या वजनात मांडले तर साधारण १० ला १. टाकीतले आकडे याच गुणोत्तरात बसवण्याचा खटाटोप अनेक जण करतात. तो अनाठायी आहे, कारण हे गुणोत्तर प्लवकाच्या शरीराचे वर्णन आहे, टाकीसाठी दिलेला नुस्खा नव्हे.

आवक किती असते ते एका हिशोबावरून कळते. कोरड्या खाद्यात वजनाच्या १ टक्का फॉस्फरस धरला, तर २ ग्रॅम खाद्यात तो २० मिलिग्रॅम, म्हणजे फॉस्फेटच्या रूपात सुमारे ६१ मिलिग्रॅम भरतो. ४०० लिटरच्या टाकीत हे सगळे विरघळले तर एका दिवसात ०.१५ मिग्रॅ./लि. वाढ! प्रत्यक्षात काही भाग माशांच्या वाढीत, काही शैवालात, बराचसा खडकात जातो. तरी दोन चिमट्यांत काय मावते, ते यातून ध्यानात येते. खाद्य कमी करणे हा उपाय मात्र बेतानेच वापरावा, कारण उपाशी मासे हा नियंत्रणाचा मार्ग नव्हे. भरीच्या पाण्यासाठी नळाऐवजी आरओ-डीआय, म्हणजे उलट परासरण व आयन-विनिमयाने शुद्ध केलेले, पाणी वापरले की निदान नळाची दुसरी आवक तरी बंद होते.

जावकीच्या बाबतीत दोघांचे स्वभाव वेगळे. नायट्रेटला हवेत निघून जायची वाट आहे. सच्छिद्र ‘जिवंत’ (जीवाणू व सूक्ष्म जीव वसलेल्या) खडकाच्या गाभ्यात किंवा वाळूच्या जाड थरात प्राणवायू संपतो, तिथले जीवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायूच्या रूपात बाहेर पडतो. हेच विनायट्रीकरण. भरपूर जिवंत खडक आणि जोरकस प्रोटीन स्किमर (फेस करून मळ काढणारे यंत्र) एवढ्यावर भिस्त ठेवणारी बर्लिन पद्धत, तसेच वाळूखाली पाण्याचा मोकळा कप्पा सोडणारी मोनाकोतील झाँ झोबेर यांची रचना, या दोन्ही विनायट्रीकरणावर उभ्या आहेत. स्किमर स्वतः नायट्रेट काढत नाही. सेंद्रिय मळ कुजण्याआधी फेसातून उचलतो.

जीवाणूंची वाढ कार्बनअभावी अडली असेल, तर व्होडका किंवा व्हिनेगर थेंबाथेंबाने देतात. जीवाणू वाढताना नायट्रेट व थोडे फॉस्फेट शोषतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. मात्रा घाईने वाढवली तर पाणी दुधाळ होते, रात्री प्राणवायू घटतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. फॉस्फेट आधीच संपलेले असेल, तर कितीही व्होडका ओता, नायट्रेट हलत नाही.

फॉस्फेटला वायुरूप वाट नाही. ते वेचूनच काढावे लागते, नाहीतर ते खडकात बसते. कॅल्शियम कार्बोनेटचा खडक व वाळू फॉस्फेट पृष्ठभागावर धरून ठेवतात आणि पाण्यातले प्रमाण उतरले की परत सोडतात. फॉस्फेट धरून ठेवणारे दाणेदार लोह ऑक्साइड, पालकांच्या बोलीत जीएफओ, रिअॅक्टरमध्ये (पाणी ज्यातून फिरवतात त्या नळकांड्यात) भरले की दोन दिवसांत ०.३० वरून ०.०८ दिसते, आठवड्याने पुन्हा ०.२०. माध्यम खराब निघाले असे वाटते, पण खडक आपली जुनी साठवण ओकत असतो. म्हणून पूर्ण मात्रा एकदम न घालता पाव-अर्ध्यापासून सुरुवात करतात. फॉस्फेट झपाट्याने पाडले तर कठीण प्रवाळांची ऊती बुडापासून सुटू लागते. लँथॅनम क्लोराइड स्वस्त आणि जोरकस आहे, पण त्याचा बारीक पांढरा साका माशांच्या कल्ल्यांत जाऊ नये म्हणून ते गाळणपिशवीत अगदी सावकाश सोडावे लागते.

दोन्ही एकदम काढणारा साधा मार्ग म्हणजे शैवालच. सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या दुय्यम टाकीत, दिव्याखाली कीटोमॉर्फा या तंतुमय शैवालाचा गुंता वाढवतात आणि मूठ-मूठ तोडून टाकतात. टाकीत नको असलेले काम आडोशाला करून घेण्याचा हा प्रकार.

पाणी बदलण्याकडून लोक फार अपेक्षा धरतात. नायट्रेट आठवड्याला २ मिग्रॅ./लि. वाढत असेल आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले, तर ते १८ ते २० च्या दरम्यान येऊन थांबते. तितकेच पाणी कितीही वर्षे बदलत राहिले तरी त्याखाली जात नाही.

मोजणीत एककांचा घोळ नेहमीचा. काही उपकरणे फॉस्फेटऐवजी फॉस्फरस दाखवतात, तेही अब्जांश भागांत. पडद्यावरील २० ला ३.०७ ने गुणून हजाराने भागले की ०.०६ मिग्रॅ./लि. फॉस्फेट मिळते. नायट्रेट-नायट्रोजनचा आकडा ४.४ ने गुणावा लागतो. नव्या टाकीत नायट्राइट शिल्लक असेल तर अनेक संचांत नायट्रेट फुगलेले दिसते. उलट शैवाल माजलेल्या टाकीत चाचणी शून्य येते, कारण आलेले सगळे ते शैवालच गिळते.

आकडे फार खाली गेले तर सोडियम नायट्रेट आणि ट्रायसोडियम फॉस्फेटची द्रावणे रोज मोजून घालतात. नायट्रेट हिशोबाप्रमाणे वर येते. फॉस्फेट मात्र सकाळी घातले की संध्याकाळी सापडत नाही. कोऱ्या खडकाच्या टाकीत, खडकाचे पोट भरेपर्यंत, हे कित्येक दिवस चालते.