आदळआपट कोण शिकवतं?

साताऱ्यात शाहूपुरीतलं माझ्या ओळखीचं एक घर. संध्याकाळचे साडेसात. "मोबाइल ठेव, अभ्यासाला बस." "बसतो गं." पाच मिनिटांनी तेच, जरा चढ्या आवाजात. मग "सांगितलं ना बसतो म्हणून!", मग "येऊ देत तुझ्या बाबांना", मग दप्तर भिंतीवर, दार धाडकन. आई पुन्हा भाकऱ्यांकडे वळते आणि घर शांत होतं. "नववीचं वय, जाईल हळूहळू," असं शेजारी म्हणतात. कुणी मोबाइलला दोष देतं.

माझं लक्ष त्या शांततेकडे असतं. खरा धडा तिथे गिरवला जातो.

अभ्यासाचं टुमणं मुलाला नकोसं. दार आपटलं, टुमणं थांबलं. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. 'ऋण' ऐकून पुष्कळ जण याला शिक्षा समजतात, तसं नाही. शिक्षेने वागणं कमी होतं, प्रबलनाने वाढतं. ऋण एवढ्यासाठी, की नकोशी गोष्ट वजा होते. डोकं दुखलं, गोळी घेतली, बरं वाटलं, की पुढच्या वेळी हात आपोआप गोळीकडे जातो. तसा याचा दाराकडे.

पण आराम आईलाही मिळालेला असतो! तिने माघार घेतली आणि आदळआपट थांबली, म्हणजे माघारीलाही बक्षीस. कधी बाबा ओरडतात, मुलगा गप्प होतो. तिथे ओरडण्याला बक्षीस. दोन्ही बाजू एकमेकांना रोज शिकवत असतात आणि कुणालाच त्याचा पत्ता नसतो. अमेरिकेत ओरेगनमधले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी निरीक्षकांना घरोघरी बसवून अशा चकमकींची बारीक नोंद केली आणि 1982 साली ही साखळी सविस्तर मांडली. मला ही मांडणी फार मोलाची वाटते, कारण तिच्यात कुणी खलनायक नाही.

यातली खरी मेख पुढे आहे. आई दहापैकी सात वेळा ठाम राहते, तीनदा दमून सोडून देते. हिशेबाने ती जिंकली. पण मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांपासून माहीत आहे, की दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची सवय मोडायला जास्त चिवट असते. शिवाय बक्षीस अचानक बंद केलं, की ते वागणं आधी उसळतं, मग ओसरतं. नेमकं त्या उसळीतच हार मानली, तर वरच्या पट्टीचा थयथयाट पक्का होतो.

हीच पद्धत मुलगा शाळेत नेतो. शिक्षक वैतागतात, बाकीची मुलं अंतर राखतात, उरतात ती त्याच्यासारखीच. नियम मोडल्याच्या गोष्टींवर तिथे हशा पिकतो आणि तो हशा हे नवं बक्षीस, या वेळी धन प्रबलन, म्हणजे हवीशी गोष्ट मिळाल्याने पक्कं होणारं वागणं.

सगळ्याच मुलांचं असं होत नाही. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये अशा वागण्याच्या दोन वाटा दाखवल्या: पौगंडात सुरू होऊन पुढे बहुतेकदा ओसरणारी, आणि लहानपणीच सुरू होऊन टिकणारी. दुसऱ्या वाटेवरची मुलं थोडी, आणि त्यांच्यात जन्मजात तापट, चंचल स्वभावाचाही वाटा असतो. म्हणून "वय आहे, जाईल" म्हणण्याआधी हे कधीपासून चाललंय ते विचारावं.

नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यातही मुलाला "बाहेरचं काही लागलंय" म्हणून देवऋषाकडे नेणारे आई-वडील मला भेटले आहेत. त्यांच्या काळजीबद्दल शंका नाही. पण ताईत बांधून साडेसातचा तो संवाद बदलत नाही, आणि तेवढे महिने हातचे जातात.

संवाद बदलता येतो. जवळ जाऊन एकदाच सांगायचं. ऐकलं नाही तर ठरलेला छोटा परिणाम, म्हणजे त्या संध्याकाळपुरता मोबाइल कपाटात, न ओरडता आणि दर वेळी. आणि त्याच्या चांगल्या वागण्याची दखल घ्यायची, ही अर्धी बाजू घरोघरी राहून जाते. त्या घरातला मुलगा परवा आपणहून गणिताची वही काढून बसला होता. आई तव्यापाशी होती, बाबा बातम्या बघत होते. कुणी काही बोललं नाही.