स्मृतिसंग्रहालयाची चित्रपटीय रचना

युद्ध, नरसंहार, भूकंप यांसारख्या सामूहिक दुःखाची आठवण जपणाऱ्या संग्रहालयाचा आराखडा पटकथेप्रमाणे, एकामागून एक उलगडणाऱ्या दृश्यांच्या क्रमाने आखण्याची पद्धत. आलेला माणूस कुठून आत शिरेल, कुठे थबकेल, कोणती वस्तू दिसण्याआधी त्याला अंधारातून जावे लागेल, हे आधी ठरते. भिंती त्यानंतर आखल्या जातात.

या विचाराचा मोठा आधार म्हणजे रशियन दिग्दर्शक सर्गेई आइझेनस्टाइन. वास्तुविशारदाचा मुलगा आणि स्वतः अभियांत्रिकी शिकलेल्या आइझेनस्टाइन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस एका निबंधात अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसकडे, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीकडे, चित्रपट म्हणून पाहिले. चित्रपटगृहात प्रेक्षक बसून राहतो आणि दृश्ये सरकतात. वास्तूत दृश्ये जागच्या जागी असतात, माणूस चालतो.

अडचणही इथेच आहे. चित्रपटाच्या संकलकाच्या हाती वेळ असतो. वास्तुरचनाकाराच्या हाती तो नसतो. माणूस मागे वळू शकतो, घाईने निघूनही जाऊ शकतो. म्हणून गती राखण्याचे काम जमीन, दार आणि उजेड यांच्याकडून करून घ्यावे लागते. जेरुसलेमच्या याद वाशेम या, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहाराच्या स्मारकातील वास्तुविशारद मोशे सफदी यांची इमारत (२००५) याचे सर्वांत नेमके उदाहरण म्हणावे लागेल. डोंगराच्या आरपार गेलेल्या सुमारे १८० मीटर लांबीच्या त्रिकोणी बोगद्याच्या टोकाचा उजेड सुरुवातीलाच दिसतो, पण सरळ चालत तिथे जाता येत नाही. जमिनीत आडवे चर आहेत. प्रत्येक चरापाशी बाजूच्या दालनात वळावे लागते, तिथला इतिहास पाहूनच पुढे सरकता येते. अखेरीस भिंती बाहेरच्या बाजूला उलगडतात आणि समोर डोंगर दिसतात.

बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात (२००१) डॅनियल लिबेस्किंड यांनी एकाच दारातून हाच परिणाम साधला आहे. जड दार मागे बंद होते आणि माणूस २४ मीटर उंचीच्या, उघड्या काँक्रीटच्या रिकाम्या मनोऱ्यात उरतो. तिथे उष्णतेची सोय नाही. वरच्या एका फटीतून येईल तेवढाच उजेड. बाहेरचे आवाज अस्पष्ट ऐकू येतात. चित्रपटात जे काम पडदा अंधारून होते, ते इथे अंगाला जाणवते.

वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट, म्हणजे ज्यूंच्या याच नरसंहाराच्या, संग्रहालयात (१९९३) लोक लिफ्टने चौथ्या मजल्यावर जातात आणि कथानकाबरोबर खाली उतरत येतात. ते प्रदर्शन घडवणाऱ्यांत माहितीपट करणारी मंडळीही होती.

पद्धतीतला धोका खरा आहे. पडद्यावरची माणसे अभिनय करतात. इथली माणसे खरोखर गेली आहेत. पार्श्वसंगीत, हुबेहूब देखावे, नाट्यमय प्रकाशझोत यांनी रडू सहज आणता येते, पण त्यात मृत माणूस निमित्तापुरता उरतो. एखादा जुना बूट साध्या उजेडात ठेवून त्याच्याभोवती जागा मोकळी सोडणे अधिक प्रामाणिक.

शिवाय अशा ठिकाणी वाचलेले लोक आणि मृतांचे नातेवाईकही येतात. त्यांच्यासाठी सर्वांत कठीण दालनाच्या अलीकडे, सहज दिसेल असा बाहेर पडायचा रस्ता आराखड्यात पहिल्यापासून असावा लागतो. कथेची सलगता त्याने तुटली तरी चालेल.