आत्म्यांची पारख: पुण्याच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

भाद्रपद आला की पुण्यातल्या ख्रिस्ती घरांत ठरलेले प्रश्न निघतात. शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेला मोदक खायचा का? सोसायटीच्या आरतीला उभं राहायचं का? अलीकडे त्यांत योगासनं, रेकी आणि मोबाइलवर रोज सकाळी येऊन पडणारी, देवाच्या नावाने सांगितलेली ‘भविष्यवाणी’ यांची भर पडली आहे. उत्तरंही तयार मिळतात: अमुक सैतानी, तमुक चालेल. अशा याद्यांनी आपली तरुण मुलं एकतर धास्तावतात, नाहीतर वैतागून मंडळीच सोडतात. म्हणून काय देवाच्या आत्म्याचं आणि काय नाही, हे ओळखण्याच्या या पारखेचा इतिहास, आणि त्यातला पुण्याचा वाटा, सांगायला हवा.

मोदकाचा प्रश्न पहिल्या शतकातच, ग्रीसमधल्या करिंथ शहरात विचारून झालेला आहे. तिथे तो मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा होता. तिथल्या मंडळीला पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचं उत्तर एका ओळीत मावत नाही. मूर्ती काहीच नाही, असं तो सांगतो, पण मूर्तीच्या पूजेत भागीदार होऊ नका, असंही बजावतो. बाजारात विकलेलं मांस चौकशी न करता खा; मात्र ‘हे वाहिलेलं आहे’ असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर त्या माणसाच्या विवेकासाठी सोडून द्या. पदार्थ तोच, पण आपण काय करतो आणि कोणासमोर करतो, यावर निर्णय फिरतो. त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात तो आणखी एक नियम घालतो: संदेष्ट्यांनी, म्हणजे देवाचा संदेश सांगणाऱ्यांनी, दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी त्याची पारख करावी. म्हणजे परीक्षा बाहेरच्या संस्कृतीची तशीच चर्चमधल्या बोलण्याचीही. आपल्या पत्रात आत्म्यांची परीक्षा करा असं सांगणारा योहानही खोट्या संदेष्ट्यांबद्दलच बोलतो, आणि त्याची कसोटी ख्रिस्ताविषयीची आहे: तो देह धारण करून आला, हे कबूल होतं का?

आपल्या किनाऱ्यावर ही पारख दोन तऱ्हांनी झाली. जेझुइट (येशूसंघी) फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. पुराण ऐकत वाढलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांनी ख्रिस्ताची कथा ओवीतच दिली. तिकडे मदुरैत त्याच संघाचे रॉबर्ट डी नोबिली संन्याशाच्या वेशात राहू लागले, आणि स्वतःच्याच संघातल्या लोकांनी त्यांच्यावर आक्षेप घेतले. शेंडी, जानवं, गंध, स्नान यांत पूजा किती आणि निव्वळ रीत किती, हा वाद थेट रोमपर्यंत गेला. १६२३ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी, त्यातला अंधश्रद्धेचा भाग काढून, या गोष्टींना परवानगी दिली. दुसरी तऱ्हा यादीची. गोव्याच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या हुकुमाने तुळस लावणं, धोतर नेसणं, मिठाशिवाय भात शिजवणं असल्या गोष्टी बंद केल्या. भाताच्या पातेल्यात मीठ आहे का, हे पाहून माणसाचा विश्वास मोजणाऱ्या त्या कारभाराने किती घरं पोळली असतील, याची कल्पनाही करवत नाही. पुढे १७९२ साली पेशव्यांनी दिलेल्या जागेवर पुण्यातलं सिटी चर्च उभं राहिलं, ते पेशव्यांच्या फौजेतल्या गोवेकर ख्रिश्चनांसाठी. पुण्याच्या कॅथलिक मंडळीची सुरुवात अशी गोव्याशी जोडलेली आहे.

आता केडगाव. पुणे जिल्ह्यातल्या या गावी, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, १९०५ च्या जूनमध्ये संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती (रिव्हायव्हल), सुरू झालं. त्याआधी वेल्समधल्या संजीवनाची बातमी येऊन पोचली होती आणि मुक्तीतल्या मुली कित्येक महिने गटागटाने प्रार्थना करत होत्या. मग पापांची कबुली, मोठमोठ्याने रडणं आणि एकाच वेळी सगळ्यांची प्रार्थना. एका मुलीला आगीने वेढलेलं पाहून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असं तिथे सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी अन्य भाषांत, म्हणजे प्रार्थनेच्या भरात न शिकलेल्या भाषांत, बोलणंही सुरू झालं. हे ऐकून अनेकांच्या भुवया उंचावल्या: हा पवित्र आत्मा, की नुसती भावनेची लाट?

रमाबाईंनी घेतलेली भूमिका मला आजही फार मोलाची वाटते. आरडाओरडा होतोय म्हणून त्यांनी काही दडपलं नाही. पवित्र आत्म्याला इथल्या लोकांत इथल्या तऱ्हेने काम करू द्यावं, पाश्चात्त्य शिस्तीचं माप लावू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वेळी अन्य भाषा ही आत्म्याची एकमेव खूण आहे, हे त्यांनी मान्य केलं नाही. मुलींची आयुष्यं बदलतात का, प्रीती वाढते का, हे त्या पाहत. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर पुस्तिका लिहिली. ती चिलीपर्यंत पोचली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अशा अनुभवावर भर देणाऱ्या) मंडळीच्या जन्माला कारणीभूत ठरली. केडगावची गोष्ट सांगताना हा धागा आपल्याकडे क्वचितच कोणी उचलतं.

पण संस्कृतीच्या बाबतीत याच रमाबाई कडक होत्या. बायबलच्या आपल्या मराठी भाषांतरात त्यांनी मूर्तिपूजेशी जोडलेले शब्द कटाक्षाने टाळले. त्यांच्याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक मात्र आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगत होते. त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, अभंग लिहिले आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा आपला भक्तसमुदाय मांडला. दोघंही ब्राह्मण घरातून आलेली, दोघंही ख्रिस्तावर जीव ओवाळून टाकणारी, आणि तुकोबांच्या परंपरेपासून किती अंतर ठेवायचं यावर दोघांचे निर्णय वेगळे. मराठी मंडळीने दोघांनाही आपलं मानलं. यादीवाल्यांनी यावर थोडं थांबून विचार करावा.

पुण्यात हा प्रयोग पुढे सरकला तो शिवाजीनगरात. इंग्रज अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडचे) पाद्री जॅक विन्सलो यांचा, आश्रमाच्या धर्तीवर राहणारा ख्रिस्त सेवा संघ १९२७ साली इथे आला. त्याच आवारात १९७२ साली ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. त्यांतल्या अँग्लिकन भगिनी इंग्लंडमधल्या वाँटेजच्या, म्हणजे रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये जिथे झाला त्याच संघाच्या. १९६५ मधल्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणेने अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं म्हटलं होतं. १९६९ मध्ये भारतातल्या मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) पादत्राणं काढणं, समई, आरती यांना रोमची संमती मिळाली.

त्यावर आक्षेप आला तो मंडळीतूनच, आणि तो योग्य जागी बोट ठेवणारा होता. मराठी धर्मचिंतक अरविंद निर्मळ यांनी १९८१ पासून दलितांच्या बाजूने धर्मविचार मांडायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य ख्रिस्ती घरांची मुळं महार-मांग वस्त्यांत आहेत. संस्कृत मंत्र आणि भगवी वस्त्रं ही ‘भारतीय’ खरी, पण या घरांना ज्यांनी वेशीबाहेर ठेवलं त्यांची. कोणत्या संस्कृतीतला कोणता आत्मा आपण आत घेतो आहोत, हा प्रश्न यामुळे अधिक खोल गेला.

जेझुइट परंपरेत पारखेची वेगळी शिस्त आहे. १५२१ मध्ये पँप्लोनाला जखमी होऊन पडलेल्या इग्नेशियस लोयोलांनी आपल्या विचारांवर पाळत ठेवली: कोणता विचार सरल्यावर कोरडेपणा उरतो आणि कोणता सरल्यावर समाधान टिकतं? पुढे त्यांनी नियम बांधले. मन उदास असताना आधीचा निर्णय बदलू नये; वाईट आत्मा प्रकाशदूताचं रूप घेतो, म्हणून विचाराची सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही तपासावेत. पुण्याच्या नगर रोडवरच्या ज्ञानदीप विद्यापीठाच्या (फादर घडवणाऱ्या संस्थेच्या) परिसरात घडलेल्या कित्येक फादरांना ही शिकवण मिळाली. जेझुइट फादर अँथनी डी मेलो यांनी साधना ही अध्यात्माचं शिक्षण देणारी संस्था पुण्यात सुरू करून नंतर लोणावळ्याला नेली, आणि त्यात श्वासाचं भान, विपश्यनेच्या धर्तीचं ध्यान आणलं. त्यांच्या निधनानंतर, १९९८ मध्ये, रोमने त्यांच्या लिखाणावर सूचना काढली: विशेषतः नंतरच्या पुस्तकांत ख्रिस्त अनेक गुरूंपैकी एक गुरू होऊन उरतो. ही सूचना अनेकांना जिव्हारी लागली. मला तिचा रोख महत्त्वाचा वाटतो: श्वासावर ध्यान द्यावं की नाही, हा तिचा प्रश्न नव्हता. १९८९ च्या पत्रातही रोमने पौर्वात्य ध्यानपद्धती सरसकट नाकारल्या नव्हत्या. तंत्रालाच प्रार्थना समजू नका, एवढं बजावलं होतं. दोन्हीकडे कसोटी योहानाचीच, ख्रिस्ताविषयीची.

आज मंडळीत बाहेरच्या गोष्टींची झडती जोरात चालते, आणि आतल्या संदेष्ट्याला कोणी काही विचारत नाही. मुक्तीत जे घडलं ते लोक येऊन पाहू शकत होते, शंका घेऊ शकत होते, आणि रमाबाई छापील उत्तर देत होत्या. मोबाइलवरून ‘देव मला म्हणाला’ असं सांगणाऱ्याची मंडळी कोणती, त्याचं घरचं वागणं कसं, पैसा कुठे जातो, हे ऐकणाऱ्याला माहीत नसतं. आणि तो एकटाच ऐकत असल्याने पौलाने सांगितलेले ‘बाकीचे’ तिथे हजरच नसतात.