कोणताही तुकडा घ्या

रेल्वेत खिडकीजवळची जागा मिळाली की मी किलोमीटरचे आकडे शोधत बसतो. दोन किलोमीटर-खुणांमधले सेकंद मोजायचे आणि ३६०० ला त्या आकड्याने भागायचं. ४० सेकंद लागले तर ताशी ९० किलोमीटर. परवा दौंडच्या पुढे, सोलापूरकडे जाताना, लागोपाठ चार वेळा ४० आले. समोरचे काका खूश. म्हणाले, "म्हणजे गाडी एकसमान वेगाने चाललीय."

चाललीही असेल. पण माझ्या आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. प्रत्येक किलोमीटरच्या मध्यावर गाडी जरा रेंगाळली आणि पुढे तेवढीच पळाली, तरी माझ्याकडे ४० च येणार!

गॅलिलिओने ही फट बुजवली होती. सारख्या वेळात सारखं अंतर, ही एकसमान वेगाची व्याख्या त्याच्या आधीपासूनची. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने तिच्यात एकच शब्द घातला: 'कोणत्याही'. कोणत्याही सारख्या वेळांत सारखं अंतर. मिनिट घ्या, सेकंद घ्या, सेकंदाचा शंभरावा भाग घ्या.

बरं, मग तुकडे लहान करू. विजेच्या तारांचे खांब सरळ मार्गावर साठ-सत्तर मीटरवर असतात. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, तेव्हा खांबापासून खांबापर्यंत अडीच सेकंद. आता स्टॉपवॉच दाबताना बोट दशांश सेकंद तरी मागेपुढे होतंच. ४० सेकंदांत ही चूक जेमतेम पाव टक्का, अडीच सेकंदांत ती चार टक्के होते. व्याख्या म्हणते तुकडा लहान घे, बोट म्हणतं मोठा घे. मोजमापातली खरी ओढाताण ही.

हे घरी बघायचं तर गाडीपेक्षा बुडबुडा सोयीचा. बुडापेस्टच्या एका शाळेत शांदोर मिकोला नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते (१९६३ चं नोबेल मिळवणारे युजीन विग्नर त्यांचे विद्यार्थी). पाणी भरलेली काचेची नळी, आत एक बुडबुडा, नळी तिरकी धरायची, बस्स. हंगेरीत तिला 'मिकोला नळी'च म्हणतात.

आपल्याकडे गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी चालते. पोकळी निदान आठ-दहा मिलिमीटर हवी, नाहीतर बुडबुडा अडकून बसतो. मीटरभर तुकडा लाकडी पट्टीला ताणून बांधा, दर १० सेंटिमीटरला पेनाने रेघ मारा, पाणी भरताना थोडी हवा ठेवा आणि दोन्ही तोंडांना घट्ट बूच लावा. नळीला बाक नको. भौतिकशास्त्रात वेगात दिशाही धरतात, त्यामुळे चाल तीच राहिली तरी दिशा बदलली की वेग बदलतो.

पट्टी उलटी केली की बुडबुडा निघतो. सुरुवातीला थोडा वेग घेतो. वेगाबरोबर पाण्याचा विरोधही वाढतो, आणि वर ढकलणाऱ्या बळाशी त्याची बरोबरी झाली की वेग तिथेच थांबतो. म्हणून पहिले १० सेंटिमीटर सोडून द्या. स्टॉपवॉचऐवजी मोबाइलने व्हिडिओ काढा. सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे प्रत्येक चित्र सेकंदाचा तिसावा भाग, आणि बोटाची भानगडच नाही. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर अंतर. बिंदू एका रेषेच्या आसपास पडतात आणि त्या रेषेचा चढ म्हणजे वेग. बिंदूला बिंदू जोडत जाऊ नका. मुलं हमखास तेच करतात, मग प्रत्येक बारीकसारीक चूक बुडबुड्याच्या नावावर जमा होते. पट्टी ठेवून एकच रेघ ओढायची.

मग तिरकेपणा बदलून बघा. नळी उभी केली की बुडबुडा सर्वांत जोरात पळेल, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. प्रत्यक्षात आडव्यापासून उचलत नेलं की वेग साधारण ४५ अंशांपर्यंत वाढतो आणि त्यापुढे घटू लागतो. तिरक्या नळीत बुडबुडा वरच्या बाजूला चिकटून सरकतो, त्यामुळे खालच्या बाजूने पाण्याला उतरायला मोकळी वाट मिळते. उभ्या नळीत तो बरोबर मध्ये येतो आणि सगळं पाणी त्याच्या कडेकडेने, चिंचोळ्या फटीतून खाली यावं लागतं.