रडर पेडल ब्रेकचे कॅलिब्रेशन

रडर पेडल ब्रेकचे कॅलिब्रेशन : घरच्या संगणकावरील उड्डाण सिम्युलेटरला जोडलेल्या रडर पेडलांचे दोन्ही ब्रेक मोकळे असताना शून्य आणि पूर्ण दाबल्यावर कमाल मूल्य देतील, अशा त्यांच्या मर्यादा संगणकाला ठरवून देण्याची क्रिया. या मर्यादा चुकल्या की विमान जागचे हलत नाही, एका अंगाला ओढते किंवा उतरल्यावर थांबता थांबत नाही. सिम्युलेटर चालवणारे अशा प्रत्येक वेळी ‘कॅलिब्रेशन गेलं’ म्हणतात. पुष्कळदा ते शाबूत असते आणि दोष दुसरीकडेच निघतो. घाईने पुन्हा कॅलिब्रेशन केल्याने मात्र चांगल्या मर्यादाही बिघडतात.

पेडलांच्या जोडीतून संगणकाकडे तीन ॲक्सिस, म्हणजे हालचालीप्रमाणे कमी-जास्त होणारे तीन आकडे, जातात. पेडल पुढे-मागे सरकवले की शेपटीवरचा रडर, म्हणजे विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी झडप, हलतो. पेडलचा वरचा भाग पंजाने दाबला की त्याच बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. हे दोन ब्रेक वेगवेगळे का, हे बैलगाडी हाकलेल्याला सांगावे लागत नाही : जोडीतला एक बैल आखडून धरला की गाडी त्या अंगाला वळते. सेस्ना १७२ या छोट्या विमानाचे पुढचे चाक नुसत्या पेडलने प्रत्येक बाजूस सुमारे १० अंशच वळते. ब्रेकची जोड दिली की ३० अंशांपर्यंत जाते. सिरस एसआर२२ आणि डायमंड डीए४० यांचे पुढचे चाक तर मोकळे फिरणारे असते, त्यामुळे जमिनीवर कमी वेगात वळायचे ते ब्रेकच्याच जोरावर. अशा विमानात डावा-उजवा ब्रेक समान नसेल, तर धावपट्टीपर्यंत सरळ जाणेही कठीण होते.

शोधाचा क्रम : पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नसेल तर दारे धरणारा माणूस वाफा उकरत बसत नाही, पाट कुठे फुटला ते वरून पाहत येतो. इथेही आधी पेडल, मग सेन्सर (पेडलची हालचाल मोजणारा भाग), मग विंडोज आणि शेवटी सिम्युलेटर. विंडोजमध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) ही आज्ञा दिली की गेम कंट्रोलरची खिडकी उघडते. तिथे कॅलिब्रेशन सुरू करून कच्चे आकडे दाखवण्याचा पर्याय निवडावा, प्रत्येक ब्रेक सावकाश दाबून-सोडून पाहावा आणि काहीही न साठवता बाहेर पडावे. आकडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता सरकत असेल, तर उपकरण ठीक आहे आणि दोष सिम्युलेटरच्या मांडणीत शोधायचा. आर्डुइनो लिओनार्डो हा छोटा सर्किट बोर्ड वापरून घरी बनवलेल्या पेडलांचा आकडा सहसा ० ते १०२३ असतो. तयार पेडलांचा याहून बराच मोठा असू शकतो. आकडा किती मोठा, याला महत्त्व नाही. तो उड्या मारतो का, ते पाहायचे.

उड्या मारणारा आकडा बहुधा पोटेन्शिओमीटर या प्रकारच्या सेन्सरचा असतो. जुन्या रेडिओचा आवाजाचा खुंटा फिरवताना खरखर येई, त्याचे कारण हाच भाग : आतल्या पट्टीवर सरकणारा संपर्क धुळीने किंवा झिजेने तुटक होतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात काळ्या रानाची बारीक माती खिडकी लावली तरी घरात येते आणि पेडल तर जमिनीवरच असतात. संगणक बंद करून, केबल काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा द्यावा आणि पेडल वीस-पंचवीस वेळा हलवावे. गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याला हे काम नवे नाही. हॉल सेन्सर या दुसऱ्या प्रकारात घासणारा संपर्कच नसतो, चुंबकाच्या जवळ-लांब होण्यावर तो चालतो, त्यामुळे ही कटकट तिथे नाही. सेन्सर साफ होईपर्यंत कॅलिब्रेशन करू नये. त्या वेळी आकड्याने मारलेली एखादी खोटी उडी ‘कमाल मूल्य’ म्हणून नोंदली जाते आणि मग पाय कितीही रेटला तरी ब्रेक पूर्ण लागत नाही.

फरशीचाही हात असतो, याकडे क्वचितच कोणी पाहते. शहाबादी फरशीवर पेडलांचा सांगाडा जोर लावला की मागे सरकतो. कॅलिब्रेशनच्या वेळी पाय पूर्ण दाबलाच जात नाही, मर्यादा तोकडी नोंदली जाते आणि नंतर अर्ध्या दाबातच विमान खाडकन थांबते. सांगाड्यामागे भिंतीला टेकवलेली फळी आणि खाली रबरी चटई एवढ्याने हे मिटते. टाच जमिनीवर टेकवून बसण्याची सवयही लावून घ्यावी. टाच उचललेली असेल तर रडर देताना पंजा नकळत ब्रेकवर जातो. त्यासाठी ॲक्सिसच्या सुरुवातीला पाचेक टक्के डेडझोन, म्हणजे दाबूनही ब्रेक न लागणारा पट्टा, ठेवणे चांगले.

सिम्युलेटरच्या मांडणीतले दोष तीन प्रकारचे. पहिला उलट ॲक्सिसचा : पाय काढला की ब्रेक लागतो आणि दाबला की सुटतो. कारण एवढेच, की काही पेडल मोकळे असताना मोठा आकडा देतात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि एक्स-प्लेन या दोन्हींत ॲक्सिस उलटवण्याची सोय आहे. दुसरा दोष फसवा आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ब्रेकचे मूल्य उणे १६३८३ पासून अधिक १६३८३ पर्यंत जाते आणि उणे टोकाला ब्रेक मोकळा असतो. म्हणजे शून्य हा अर्धा लागलेला ब्रेक झाला. काही पेडल हलवल्याशिवाय संगणकाला काहीच कळवत नाहीत, तोवर ॲक्सिस मधोमध धरला जातो आणि विमान अर्ध्या ब्रेकवर उभे राहते. दोन्ही ब्रेक एकदा पूर्ण दाबून सोडले की काम होते. वीज गेली-आली किंवा केबल काढून लावली, की हे पुन्हा करावे लागते. तिसरा दोष दुहेरी नेमणुकीचा : नवी जॉयस्टिक जोडली की सिम्युलेटर आपणहून तिच्या एखाद्या ॲक्सिसला ब्रेक देऊन टाकतो आणि दोन उपकरणे एकमेकांशी भांडत राहतात.

प्रवासी विमानांत याच दोषांची लक्षणे वेगळी दिसतात. बोइंग ७३७ मध्ये पेडल दाबल्याने पार्किंग ब्रेक सुटतो आणि उतरताना ऑटोब्रेकही (आपोआप लागणारा ब्रेक) रद्द होतो. थरथरणाऱ्या सेन्सरची एक खोटी उडी एवढे करायला पुरते. चालवणारा मात्र ऑटोब्रेकची सेटिंग तपासत बसतो.

चाचणी : छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची ०९/२७ ही पूर्व-पश्चिम धावपट्टी यासाठी सोयीची आहे. हवामानात वारा शून्य ठेवून, इंजिन मंद ठेवून सेस्ना सरळ चालू द्यावी, पाय पेडलांवरून काढून घ्यावेत. विमान एका अंगाला सातत्याने ओढत असेल, तर त्या बाजूचा ब्रेक थोडा लागलेला आहे. मग दोन्ही ब्रेक एकदम दाबून ते सरळ रेषेत थांबते का, ते पाहावे. मात्र पूर्ण ताकद देऊन हीच चाचणी करू नये : चालकाच्या बाजूने पाहता सेस्नाचा पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि उड्डाणाच्या वेळी विमान डावीकडे ओढले जाते, ते खऱ्या विमानातही तसेच.