बत्तीस बोर एकच, काडतुसं दोन

शस्त्राच्या दुकानात ‘बत्तीसची काडतुसं द्या’ म्हटलं की जाणता विक्रेता पहिल्यांदा विचारतो, ‘रिव्हॉल्व्हरची की पिस्तुलाची?’ नवा परवानाधारक इथे अडखळतो. बोर, म्हणजे नळीच्या आतलं माप, एकच, मग काडतुसं दोन कशी? पण ती दोन आहेत, आणि एकाची जागा दुसरं घेऊ शकत नाही.

आधी बत्तीस आपल्याकडे इतका का दिसतो ते सांगतो. आज जगभर सर्वांत जास्त चालतो तो ९ मिमी. आपल्याकडे मात्र तो लष्कराचा आणि पोलिसांचा. शस्त्र कायद्यानुसार सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित. त्यामुळे अमेरिकेत किंवा युरोपात आता फार थोडे लोक नव्याने विकत घेतात असा .३२ बोर भारतात मात्र भक्कम टिकून राहिला. कानपूरच्या शस्त्र कारखान्याची रिव्हॉल्व्हर, २०१४ सालची हलकी ‘निर्भीक’, २०२३ मध्ये आलेली ‘प्रबल’ या सगळ्या .३२ च्याच. इशापूरच्या कारखान्याचं ‘अशनी’ पिस्तूलही .३२ चंच, फक्त त्यातलं काडतूस निराळं.

रिव्हॉल्व्हरमध्ये जातं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, थोडक्यात ‘लाँग’. हे १८९६ मध्ये आलं. त्याच वर्षी न्यूयॉर्क पोलिसांनी कोल्टची .३२ रिव्हॉल्व्हर स्वीकारली. तेव्हा तिथल्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट. पिस्तुलातलं काडतूस म्हणजे .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल), युरोपात ७.६५ ब्राउनिंग. जॉन ब्राउनिंग यांनी ते बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या पिस्तुलासाठी घडवलं. पुढे वॉल्थर पीपी आणि पीपीके ही पिस्तुलं याच काडतुसावर नावारूपाला आली.

दोन्ही हातात घेऊन शेजारी धरली की फरक लगेच दिसतो. लाँगची पितळी केस, म्हणजे दारू भरलेलं नळकांडं, सुमारे २३ मिमी लांब, एसीपीची १७ मिमी. लाँगमध्ये साधारण ६.४ ग्रॅमची, बहुधा उघड्या शिशाची गोळी, एसीपीत ४.६ ग्रॅमची, तांब्याच्या कवचातली. खरी गंमत मात्र बुडाशी आहे. लाँगच्या बुडाची कड चांगली रुंद, बाहेर आलेली. सिलिंडरमध्ये, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात, काडतूस त्या कडेवर टेकून बसतं आणि रिकाम्या केसा त्याच कडेला धरून बाहेर ढकलल्या जातात. एसीपीची कड केसच्या बाहेर अगदी किंचित येते. ब्राउनिंग यांनी ती पुरती काढून टाकली नाही, कारण त्या काळच्या पिस्तुलांत काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या घरात) त्या कडेवरच थांबत असे.

त्या उरलेल्या किंचित कडेचा त्रास आजही होतो. मॅगझीनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या काडतुसांच्या पेटीत, वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे सरकली, तर दोघं एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल ठप्प होतं. पूर्ण लांबीची, कवचवाली काडतुसं भरली तर मागेपुढे सरकायला जागाच उरत नाही, म्हणून हे सहसा घडत नाही. लांबीला आखूड अशी पोकळ टोकाची काडतुसं भरली की शक्यता वाढते. एसीपी वापरणाऱ्याने आपल्या मॅगझीनमध्ये काय भरतोय याकडे लक्ष ठेवलंच पाहिजे. रिव्हॉल्व्हरवाल्याला ही काळजी नाही. एखादं काडतूस पेटलंच नाही, तर ट्रिगर पुन्हा दाबताच सिलिंडर फिरतो आणि पुढचं समोर येतं.

ताकदीचं थोडक्यात. लाँगची गोळी सेकंदाला सुमारे २१५ मीटर वेगाने जाते, एसीपीची २७५ मीटरच्या आसपास. ऊर्जा काढली तर लाँगची १५० जूलच्या जवळ आणि एसीपीची १७५ च्या जवळ. ९ मिमीची ऊर्जा यांच्या अडीच-तीनपट असते. म्हणजे या दोघांत जास्त ‘जोरदार’ कोण यावर वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही सौम्यच.

माझं मन लाँगकडे झुकतं ते नेमबाजीमुळे. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल ही स्पर्धा ७.६२ ते ९.६५ मिमी बोरच्या हत्यारांनी खेळली जाते. साठ गोळ्यांपैकी पहिल्या तीस सावकाश, नेम धरून. उरलेल्या तीस गोळ्यांना निशाण दर वेळी फक्त तीन सेकंद समोर येतं. त्या तीन सेकंदांत खाली असलेला हात वर येतो, साइट जुळते आणि गोळी सुटते. इथे धक्का कमी आणि गोळी नेमकी हवी, आणि त्यासाठी दीडशे वर्षांपूर्वीच्या घराण्यातल्या या संथ काडतुसाची बरोबरी करणारं अजून दुसरं फारसं सापडलेलं नाही. वॉल्थर, पार्दिनी, मोरिनी यांसारख्या निर्मात्यांनी .३२ लाँगसाठी खास मॅगझीनवाली स्पर्धेची पिस्तुलं घडवली आहेत. त्यांत वॅडकटर गोळी वापरतात: सपाट तोंडाची, केसच्या काठाबाहेर न डोकावणारी. ती कागदात फाटका डाग न पाडता पंचने कापावं तसं स्वच्छ गोल भोक पाडते आणि गुण मोजताना शंका राहत नाही.

भारताचं या स्पर्धेशी जुनं नातं आहे. अशोक पंडित यांनी १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर फायरचं सुवर्ण आणलं. जसपाल राणा यांनी १९९४ मध्ये हिरोशिमाला आणि २००६ मध्ये दोहाला आशियाई सुवर्ण मिळवलं. दोहाचे त्यांचे ५९० गुण तेव्हाच्या जागतिक विक्रमाइतके होते. महिलांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा, जिच्यात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ मध्ये पालेमबंगला आशियाई सुवर्ण जिंकलं, तिची रचना हीच असते, फक्त बोर .२२.

एसीपीची बाजूही न्यायाने मांडायला हवी. ते मुळात चपट्या, लहान, खिशात मावणाऱ्या पिस्तुलासाठी जन्मलं आणि ते काम आजही उत्तम करतं. पिस्तूल रिव्हॉल्व्हरपेक्षा पातळ असतं, मॅगझीनमध्ये सहापेक्षा जास्त काडतुसं मावू शकतात, भरणं जलद होतं. पण चेंबरमध्ये गोळी आहे की नाही हे वरवर पाहून कळेलच असं नाही. मॅगझीन काढलं तरी चेंबरमधली तशीच राहते. नव्याने हत्यार हाताळणाऱ्याला म्हणूनच मी रिव्हॉल्व्हर आणि लाँग सुचवेन: सिलिंडर उघडला की सहाही घरं डोळ्यांसमोर.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. एसीपीचं काडतूस बऱ्याच .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये शिरतं, आणि ‘चालतं की’ म्हणणारे लोकही भेटतात. तसं करू नका. एसीपीचा कमाल दाब चौरस इंचाला सुमारे २०,५०० पौंड, लाँगचा १५,०००. सौम्य दाबासाठी बनलेल्या जुन्या सिलिंडरवर हा जादा ताण पडतो. शिवाय ती अरुंद कड नीट टेकतेच असं नाही. उलट बाजूने लाँग एसीपीच्या पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये मावतच नाही.

वडिलोपार्जित किंवा जुनी रिव्हॉल्व्हर हाती आली असेल तर नळीवर कोरलेलं वाचा. ‘.३२ कोल्ट न्यू पोलीस’ असेल तर काळजी नको; स्मिथ अँड वेसनचं नाव आपल्या हत्यारावर नको म्हणून कोल्टने लाँगलाच दिलेलं ते नाव, तेव्हा गोळीचं टोक फक्त सपाट केलं होतं. मात्र नुसतं ‘.३२ कोल्ट’ किंवा ‘.३२ लाँग कोल्ट’ असेल तर ते बारीक केसचं तिसरंच काडतूस आहे. अशा वेळी परवानाधारक शस्त्र कारागिराकडून चेंबर मोजून घेईपर्यंत त्यात काहीही भरू नका.