फिरती स्तनकर्करोग तपासणी

स्तनांच्या कर्करोगाची कोणतीही लक्षणे न जाणवणाऱ्या स्त्रियांची त्यांच्या वस्तीत किंवा कामाच्या ठिकाणी जाऊन, वाहनात बसविलेल्या मॅमोग्राफी (स्तनांचे क्ष-किरण चित्रण) यंत्राने अथवा प्रशिक्षित आरोग्यसेविकांच्या पथकाकडून केलेल्या चाळणी तपासणीस ही संज्ञा लावतात. तिच्यातून संशयित स्त्रिया निवडल्या जातात; निदान मात्र सोनोग्राफी, बायोप्सी (ऊतीचा लहान तुकडा काढून केलेली तपासणी) इत्यादी पुढील तपासण्यांनंतरच होते.

या पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार तिचे मूळ क्षयरोगाच्या शोधमोहिमांत आहे. पहिल्या महायुद्धात मारी क्यूरी यांनी क्ष-किरण यंत्रे मोटारींत बसवून आघाडीवर नेली होती आणि ब्राझीलचे मानुएल द आब्रेऊ यांनी १९३६ च्या सुमारास छातीचे क्ष-किरण चित्र लहान आकाराच्या फिल्मवर घेण्याची स्वस्त पद्धत आणल्यानंतर अशा गाड्या कारखान्यांच्या आवारापर्यंत पोहोचल्या. दुसरे मत न्यूयॉर्कमधील आरोग्यविमा योजनेच्या सभासद स्त्रियांवर डिसेंबर १९६३ मध्ये सुरू झालेल्या चाचणीस आरंभबिंदू मानते. फिलिप स्ट्रॅक्स, सॅम शपायरो व लुई व्हेनेट यांच्या या चाचणीत ४० ते ६४ वयोगटातील सुमारे ६२,००० स्त्रियांचे दोन गट करून एका गटास दरवर्षी मॅमोग्राफी व डॉक्टरांकडून स्तनतपासणी देऊ करण्यात आली. नोकरदार स्त्रियांना सोयीचे पडावे म्हणून स्ट्रॅक्स यांनी मॅनहॅटनमध्ये फिरती गाडी वापरल्याचा उल्लेख सामान्यतः केला जातो. परंतु बहुतेक तपासण्या योजनेच्या वैद्यकीय केंद्रांतच झाल्यामुळे चाचणीत दिसलेल्या मृत्युदरातील घटीचे श्रेय गाडीला देता येत नाही. क्षयरोगाच्या गाडीने वाहन आणि कार्यपद्धती दिली, तर स्तनतपासणीचे शास्त्रीय समर्थन न्यूयॉर्कच्या चाचणीपासून सुरू झाले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

आज परिचित असलेले संघटित स्वरूप मात्र यूरोपात घडले. स्वीडनमध्ये १९७७ साली दोन परगण्यांत लास्लो ताबार व सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या चाचणीत प्रत्येक स्तनाचे एकच तिरके चित्र घेतले जाई, त्यामुळे तपासणी जलद होई. १९८५ मधील अहवालात ४० ते ७४ वयोगटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे नोंदविले गेले. ब्रिटनमध्ये फॉरेस्ट समितीच्या शिफारशीनुसार १९८८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व त्याच्या गाड्या बाजारपेठांच्या वाहनतळांवर उभ्या राहू लागल्या. तेथे नावनिशीवार यादीवरून स्त्रियांना निमंत्रण जाते, ही बाब यंत्राइतकीच महत्त्वाची आहे.

तांत्रिकदृष्ट्या मॅमोग्राफी यंत्र प्रवासाला नाजूक असते. हादऱ्यांनी क्ष-किरण नळी व चित्र टिपणारी ग्राहक पट्टी यांची जुळणी बिघडू शकते, म्हणून मुक्कामाच्या जागी गाडी समपातळीत आणून टेकूंवर स्थिर करावी लागते, शिवाय स्थिर वीजपुरवठा, नियंत्रित तापमान आणि क्ष-किरण अडविणारे शिशाचे अस्तरही लागते. अमेरिकेच्या १९९२ च्या मॅमोग्राफी गुणवत्ता कायद्याखालील नियमांप्रमाणे प्रत्येक नव्या ठिकाणी पहिल्या स्त्रीच्या तपासणीपूर्वी प्रतिमेचा दर्जा पडताळणे बंधनकारक आहे. फिल्मच्या काळात चित्रे अनेकदा दिवसअखेर मुख्य केंद्रात धुतली जात, आणि सदोष चित्र आढळल्यास त्या स्त्रीला पुन्हा बोलवावे लागे; २००० नंतर डिजिटल यंत्रांनी ही अडचण बरीच दूर केली. भारतात अशा यंत्रास अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. गाडीत सोनोग्राफी ठेवण्यावर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या नियमांचे निर्बंध आहेत. त्यामुळे पुढील तपासणीसाठी स्त्रीला बहुधा दुसरीकडे जावे लागते.

लाभाबरोबर हानीही मोजली गेली आहे. ब्रिटनमधील २०१२ च्या स्वतंत्र समितीच्या अंदाजाप्रमाणे ५० व्या वर्षापासून २० वर्षे तपासणीचे निमंत्रण मिळालेल्या दर १०,००० स्त्रियांमागे ४३ मृत्यू टळतात, तर १२९ जणींना एरवी कधीही त्रास न देणाऱ्या कर्करोगाचे निदान होते. स्तनाच्या तापमानावरून रोग ओळखू पाहणारी थर्मोग्राफी मॅमोग्राफीला पर्याय म्हणून मान्य झालेली नाही.

भारतीय संदर्भात मुंबईचे काम विशेष मोलाचे आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयोगटातील १,५१,५३८ स्त्रियांवर सुरू केलेल्या चाचणीत मॅमोग्राफी वापरलीच नाही. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला. सर्व वयोगट मिळून स्तनकर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंतील १५ टक्के घट सांख्यिकीय दृष्ट्या सिद्ध झाली नाही, परंतु ५० व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत ती ३० टक्के होती. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक चौकटीतही ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी अशीच हाताने तपासणी सुचविली आहे. डोंगराळ व दुर्गम तालुक्यांसाठी महागड्या गाडीपेक्षा ही पद्धत अधिक व्यवहार्य ठरते.

कार्यालये व कारखान्यांतील शिबिरांत वयाचा प्रश्न प्रथम येतो. तेथील अनेक स्त्रिया चाळिशीच्या आतील असतात. त्यांच्या स्तनांतील ऊती दाट असल्याने मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते, आणि कौटुंबिक जोखीम नसल्यास या वयात सरसकट मॅमोग्राफीची शिफारस नाही. अहवाल व्यवस्थापनाकडे न जाता थेट संबंधित स्त्रीच्या हाती पडावा, तसेच संशयित आढळलेल्या स्त्रीला बायोप्सीसाठी पगारी रजा व ठरलेले रुग्णालय मिळावे, या अटी शिबिर ठरवितानाच लेखी नक्की होणे आवश्यक असते. कंत्राटी कामगार, सफाई कर्मचारी व घरकाम करणाऱ्या स्त्रिया आस्थापनेच्या यादीत बहुधा नसतात. त्यांच्यापर्यंत वस्तीतील पथकच पोहोचू शकते.